बॅटरी ही जडवस्तू नव्हे

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडतात, लोखंडी कपाटाचे कुलूप निघते आणि आत ठेवलेले टॅब बाहेर काढले जातात. त्यांपैकी काही सुरूच होत नाहीत. कोणी ते पाडलेले नसतात, पाण्यात भिजविलेले नसतात. किंबहुना फारसे वापरलेलेही नसतात. मुख्याध्यापकांनी ते जपून ठेवलेले असतात, आणि जपून ठेवल्यामुळेच ते निकामी झालेले असतात. मग जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो, यथावकाश निर्लेखनाचा प्रस्ताव वरिष्ठांकडे जातो आणि ज्याचा पडदा स्वच्छ आहे, ज्याचे अंतरंग धड आहे, असे काही हजार रुपये किमतीचे यंत्र अडगळीत जमा होते. वास्तविक त्यात गेलेली असते ती फक्त बॅटरी.

सरकारी हिशेबात वस्तूंचे दोन वर्ग पूर्वापार चालत आले आहेत. बाक, कपाट, नकाशा, भिंतीवरचे घड्याळ या जडवस्तू. खडू, शाई, कागद या संपणाऱ्या वस्तू, ज्यांचा खर्च सादिलमधून भागवावयाचा. खडू संपला म्हणून फळा निर्लेखित करण्याची कल्पना आजवर कोणत्याही लेखापरीक्षकाला सुचलेली नाही. टॅब आणि फोन यांच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते, कारण येथे खडू फळ्याच्या पोटात चिकटवून विकला जातो. बॅटरी ही झिजणारी, संपणारी आणि ठरावीक काळाने बदलावी लागणारी वस्तू आहे, ही साधी गोष्ट निर्माता सांगत नाही, खरेदी करणारे खाते विचारात घेत नाही आणि वापरणाऱ्याला ती कळते तेव्हा हमीची मुदत संपलेली असते.

या बॅटरीचा इतिहास मोठा गौरवाचा आहे. १९७० च्या दशकात एक्झॉन या तेलकंपनीत काम करताना स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी तिचा पाया घातला. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी तिच्या धन ध्रुवासाठी कोबाल्ट ऑक्साइड शोधून तिचा दाब वाढविला. १९८५ मध्ये जपानात अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातू वगळून ती वापरण्याजोगी सुरक्षित केली. आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. त्यांच्या बॅटरीला मात्र रोजच्या वापरात तीन-चार वर्षांपलीकडे भरघोस आयुष्य क्वचितच लाभते. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. तो पदार्थाचा स्वभाव आहे.

तो स्वभाव थोडक्यात समजून घेणे अगत्याचे आहे. बॅटरीत दोन पातळ थर असतात, एक ग्रॅफाइटचा आणि एक धातूच्या ऑक्साइडचा. दोहोंमध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा अत्यंत पातळ पडदा आणि ज्वलनशील असा द्राव. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन एका थरातून दुसऱ्यात जातात आणि वापराच्या वेळी परततात. परंतु प्रत्येक फेरीत त्यांतील काही वाटेतच अडकतात, ग्रॅफाइटवर साचणाऱ्या पापुद्र्यात कायमचे बंदिस्त होतात. अशा सुमारे पाचशे पूर्ण फेऱ्या झाल्या की सर्वसाधारण बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. पूर्ण फेरी म्हणजे शंभर टक्क्यांचा वापर. आज अर्धी आणि उद्या अर्धी वापरली तर ती एकच फेरी धरावयाची.

वापराने बॅटरी झिजते हे बहुतेकांना ठाऊक असते. न वापरताही ती झिजते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. उष्णता आणि भरगच्च चार्ज ही जोडगोळी तिची खरी वैरी. तंत्रज्ञ नेहमी देतात ते आकडे बोलके आहेत. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंश सेल्सियस तापमानात वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के. आणि पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली तर वर्षाअखेर उरते ती ६५ टक्के. आता अकोला, चंद्रपूर, नागपूर येथील मे महिना डोळ्यांसमोर आणावा. पारा ४५ अंशांना भिडलेला, खोलीवर पत्र्याचे छप्पर, आत लोखंडी कपाट आणि कपाटात ‘सुट्टीत उतरू नयेत’ म्हणून मुद्दाम पूर्ण भरून ठेवलेले टॅब. याहून प्रतिकूल साठवण योजून करावयाची म्हटली तरी अवघड आहे.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक ठरते. पूर्ण उतरलेला टॅब तसाच ठेवला तर आतले संरक्षक मंडल उरलासुरला भार हळूहळू पीत राहते. घटाचा दाब फारच खाली गेला की आतील तांब्याचा पत्रा द्रावात विरघळू लागतो आणि असा घट पुन्हा भरणे धोक्याचे होते. म्हणून संरक्षक मंडल चार्जिंग नाकारते, आणि टॅब ‘मेला’ असे सर्वजण समजतात. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. सुट्टीपूर्वी टॅब निम्म्याच्या आसपास भरावा, पूर्ण बंद करावा, घरातील सर्वांत थंड जागी ठेवावा आणि महिन्या-दीड महिन्याने एकदा पाहून निम्म्यावर आणावा. एवढे काम सुट्टीत कोणी करावयाचे, हे मात्र कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. टॅब हरवला तर वसुली होईल ही धास्ती असते. तो कपाटात मेला तर कोणी विचारीत नाही. अशा स्थितीत मुख्याध्यापकाने कुलूप लावणे पसंत केले, तर त्याला दोष कसा द्यावयाचा?

गैरसमजांचे पीकही येथे मुबलक आहे. नवा फोन प्रथम आठ तास चार्ज करावा, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, हे सल्ले दुकानाच्या काउंटरवर आजही मिळतात. निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांना ते लागू होते. अर्धवट भरण्याची त्यांना सवय जडत असे. लिथियमच्या बॅटरीला अशी सवय जडत नाही. उलट तिला अर्धपोटी राहणे मानवते. रात्रभर चार्जिंगला लावल्याने ती अधिक भरून फुटते, हाही समज खरा नव्हे, कारण भरल्यावर मंडल प्रवाह थांबविते. परंतु उशीखाली, पांघरुणात, तापत तापत पहाटेपर्यंत शंभर टक्क्यांवर राहणे तिला हितावह नाही, हे वरील आकड्यांवरून उघड आहे. अलीकडील पुष्कळ फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. ती वापरणाऱ्यांची संख्या किती असेल याची कल्पनाच केलेली बरी. विजेची बचत हा तर येथे मुद्दाच नाही. नेहमीच्या फोनच्या बॅटरीत जेमतेम २० वॉट-तास ऊर्जा मावते. रोज एकदा पूर्ण भरली तरी वर्षाला सात-आठ युनिटांपलीकडे वीज लागत नाही.

खरा भुर्दंड पडतो तो निदान चुकल्यामुळे, आणि तो शिक्षक-कारकुनांच्या खिशाला बसतो. ‘टच चालत नाही’, ‘टच आपोआप होतो’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक दुरुस्तीच्या दुकानात जाते आणि पडदा बदलण्याचा काही हजारांचा खर्च ऐकून परतते. पुष्कळदा पडदा निर्दोष असतो. जुन्या बॅटरीत द्रावाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि तिची मऊ पिशवी फुगते. टॅबमध्ये ती पडद्याच्या अगदी पाठीशी, बरीच जागा व्यापून असते. ती फुगली की पडद्याला मागून रेटा बसतो, त्यावर पांढुरके डाग उमटतात, कड किंचित उचलली जाते आणि बोट न लावताच खुणा उमटू लागतात. अशा टॅबमध्ये नवा पडदा बसविला तर तोही काही दिवसांत तसाच होणार. सपाट टेबलावर टॅब ठेवून तो डुगडुगतो का, हे पाहणे ही या दोषाची सोपी परीक्षा. ती ज्याला माहीत नाही त्याचे पैसे जातात.

दुसरा प्रकार त्याहून फसवा आहे. चार्जर लावला की पडदा वेड्यासारखा वागतो, चार्जर काढला की शहाणा होतो. आजचे स्पर्शपटल बोटामुळे होणारा विद्युतधारितेचा अत्यंत सूक्ष्म बदल मोजते. हलक्या चार्जरमध्ये विजेची गाळणी नीट केलेली नसते. त्यातून येणारा गोंगाट पटलापर्यंत पोचतो आणि त्याला बोट कोठले आणि गोंगाट कोठला हे कळेनासे होते. दोष चार्जरचा आणि शिक्षा पडद्याला, असा हा न्याय आहे. आठवडी बाजारातील स्वस्त चार्जर या दृष्टीने महागच पडतो. खेड्यापाड्यांतून विजेचा दाब चढउतार करीत असतो, आणि चांगला चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचे चढउतार स्वतः सोसून बॅटरीला त्यांची झळ लागू देत नाही, ही बाबही विसरता येत नाही.

‘तीस टक्के दाखवत होता आणि अचानक बंद पडला’ ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. बॅटरी जुनी झाली की तिचा आंतरिक रोध वाढतो. स्वस्थ असताना तिचा दाब ठीक दिसतो, परंतु कॅमेरा उघडला, छायाचित्रासह हजेरी पाठवू लागले की एकदम अधिक प्रवाह लागतो, दाब कोसळतो आणि यंत्र स्वतःला बंद करून घेते. पडद्यावरचा टक्का हा अंदाज असतो. जुन्या बॅटरीच्या बाबतीत तो अंदाज चुकतो. २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीला याच संदर्भात ग्राहकांची क्षमा मागावी लागली होती. जुनी बॅटरी अचानक बंद पडू नये म्हणून कंपनीने जुन्या फोनांची गती गुपचूप कमी केली होती. बॅटरी बदलली असती तर फोन पूर्ववत चालला असता, हे मालकाला न कळल्याने अनेकांनी नवे फोन घेतले. बॅटरी बदलण्याचा दर तेव्हा ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणण्यात आला. २०२० मध्ये फ्रान्सने याच कारणासाठी कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

बॅटरी पूर्वी अशी बंदिस्त नव्हती, याची आठवण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला असेल. विजेरीचे झाकण फिरवून सेल बदलले जात, ट्रान्झिस्टरचे मागचे दार अंगठ्याने उघडे. नोकियाच्या साध्या फोनची पाठ नखाने निघत असे. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीने जपानी मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांसंबंधी इशारा दिला. त्या चार्जिंगच्या वेळी तापण्याचा संभव होता. भारतात त्या वेळी घबराट पसरली खरी, पण ग्राहकाला करावयाचे होते ते इतकेच की पाठ उघडावी, बॅटरीवरचा क्रमांक पाहावा आणि लागल्यास ती बदलून घ्यावी. फोन त्याच्याकडेच राहिला. नऊ वर्षांनंतर, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या नोट-७ या फोनच्या बॅटऱ्या पेटू लागल्या. त्या आत बंदिस्त होत्या. परिणामी प्रथम सुमारे २५ लाख फोन परत मागवावे लागले, दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्यांतही दोष निघाला आणि ऑक्टोबरमध्ये तो फोनच बंद करण्यात आला. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात त्याच्या वापरास मनाई केली होती. एका सुट्या भागाचा दोष संपूर्ण यंत्राच्या मुळावर कसा येतो, याचे हे उदाहरण आहे.

निर्मात्यांचे म्हणणे असे की बॅटरी बंदिस्त केल्याने फोन पातळ होतो आणि पाण्यापासून सुरक्षित राहतो. या युक्तिवादात तथ्य नाही असे नव्हे. पण ते सांगितले जाते तितके नाही. २०१४ मध्ये खुद्द सॅमसंगनेच पाण्यात तग धरणारा आणि तरीही पाठ उघडणारा फोन विकला होता, आणि कारखान्यात वापरावयाच्या तिच्या काही फोनांत ही सोय पुढेही राहिली. नेदरलँड्समधील फेअरफोन ही छोटी कंपनी तर ग्राहकाने हाताने बॅटरी बदलावी याच हेतूने फोन बनविते. जे एका कंपनीला जमते ते इतरांना जमत नाही याचे कारण तंत्रात शोधण्यापेक्षा नफ्यात शोधणे अधिक योग्य होईल.

युरोपीय संघाने हा प्रश्न कंपन्यांच्या सदिच्छेवर सोडलेला नाही. २०२३ च्या बॅटरीविषयक कायद्यानुसार, अशा उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे, अशी अट असून तिची तारीख १८ फेब्रुवारी २०२७ ही आहे. फोन आणि टॅब यांच्यासाठी त्याच वर्षी केलेले वेगळे नियम २० जून २०२५ पासून अमलात आले. त्यांनुसार बॅटरीने ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे आणि सुटे भाग सात वर्षे मिळत राहिले पाहिजेत. जी बॅटरी १००० फेऱ्या टिकते आणि जे यंत्र पाण्यात बुडूनही तगते त्याला सवलत आहे, आणि बड्या कंपन्या याच वाटेने निसटतील अशी शंका रास्त आहे. तरीही टिकाऊपणा किंवा बदलता येण्याची सोय, दोहोंपैकी एक तरी ग्राहकाच्या पदरात पडेल. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले आणि २०२४ मध्ये दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी आणखी एक समिती नेमली. समित्यांची ही उतरंड स्वागतार्ह आहे. बॅटरीसाठी तारीख घालून दिलेली सक्ती मात्र तीतून बाहेर आलेली नाही.

तोवर शासनाच्या हाती एक साधन आहे, आणि त्याला संसदेच्या संमतीची गरज नाही. ते म्हणजे स्वतःची खरेदी. शासन हा या वस्तूंचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. २०११ मध्ये ‘आकाश’ या स्वस्त टॅबचा गाजावाजा झाला, तेव्हा त्यातील २१०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पुरी पडत नाही ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. ‘महाज्योती’ने जेईई आणि नीटची तयारी करणाऱ्यांना दिले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तर राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. फोन तापतात, अडकतात, हमीची मुदत संपलेली आहे आणि दुरुस्तीचा खर्च मानधनातून करावा लागतो, ही त्यांची गाऱ्हाणी होती. त्या साऱ्यांचे खापर बॅटरीवर फोडता येणार नाही. इंग्रजी भाषेतील उपयोजन हाही रागाचा मोठा विषय होता. परंतु वस्तू द्यावयाची आणि तिच्या पोटातील संपणाऱ्या भागाची तरतूद करावयाची नाही, ही पद्धत त्या प्रकरणात उघडी पडली. २०२७ च्या जनगणनेत माहिती भ्रमणध्वनीवर भरावयाची आहे. दारोदार हिंडणाऱ्या शिक्षकाचा फोन दुपारी तीसऱ्या प्रहरी ‘तीस टक्के’ दाखवून मिटला, तर त्याने काय करावयाचे, याचा विचार आधी व्हावयास हवा.

निविदेत दोन-तीन अटी वाढविल्याने पुष्कळ काम होण्यासारखे आहे. तिसऱ्या वर्षी पुरवठादाराने प्रत्येक यंत्राची बॅटरी ठरलेल्या दरात बदलून द्यावी. बॅटरीची शिल्लक क्षमता पडद्यावर दिसावी. मूळ बॅटरी तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यालाही विकत मिळावी. आज त्याला ती मिळत नाही म्हणून तो बनावट माल बसवितो, ज्यावर क्षमता मनास येईल ती छापलेली असते आणि संरक्षक मंडलाचा पत्ता नसतो. भारतीय मानक आय.एस. १६०४६ ची खूण नसलेली बॅटरी सरकारी यंत्रात बसू नये, एवढे तरी पाहता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या कामाचे शिक्षण देता येईल. आणि शाळेच्या संयुक्त अनुदानात बॅटरी बदलण्याचा खर्च खडू-डस्टरइतकाच निःसंकोच मान्य व्हावा, म्हणजे मुख्याध्यापकाला निर्लेखनाचा लांबचा फेरा घ्यावा लागणार नाही.

राहता राहिला प्रश्न निकामी बॅटरीचा. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करू नये आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नये. कचरागाडीत ती चिरडली गेली की आगीला निमित्त होते. यंत्रातून धूर आलाच तर वीज तोडून लांबूनच भरपूर पाणी ओतावे आणि खोली रिकामी करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात वाळू भरलेला एक पत्र्याचा डबा ठेवून, वर्षातून दोनदा त्यातील बॅटऱ्या पोच घेऊन उत्पादकाच्या संकलकाकडे पाठविण्यास कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही.